आचान प्रसोंग यांच्या मार्गदर्शनातून मुक्त करण्याबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता,
चम्पासी वैद्यकीय महाविद्यालय,
ईसान, थायलंड

विषय : मार्गदर्शक बदलून मिळणे व गोठवलेले रक्तनमुने पुन्हा वापरू देणेबाबत.
संदर्भ : "गुरूशी जुळवून घ्यावे" असा सल्ला देणारे आपले पत्र.

महोदय,

१. मी आपल्याकडे शल्यचिकित्सक असून पित्तनलिकेच्या कर्करोगावर संशोधन करते. या कामात मला माझे गुरू, आचान (म्हणजे आचार्य) प्रसोंग विरियाकुल यांनीच आणले, हे नाकारत नाही. नदीकाठची माणसे लिंबू पिळून कच्चे मासे खातात आणि त्यातल्या कृमींमुळे त्यांना हा कर्करोग होतो. त्यांच्या पोटांची सोनोग्राफी कशी करावी, हे आचानांनी माझा हात धरून शिकवले. पहिल्या शोधनिबंधावर माझे नाव स्वतःच्या आधी घातले. मी त्यांना बापाच्या जागी मानले.

२. हा कर्करोग आचानांनी शोधलेली रक्तचाचणी आरंभीच पकडते, असे ते सांगत. बाजारात चिकट भात विकणाऱ्या बुआलाईबाईंची चाचणी निर्दोष आली, म्हणून आम्ही त्यांना घरी पाठवले. पावसाळा सरताना त्या पिवळ्याधमक होऊन परत आल्या. मी पोट उघडले आणि काहीही न काढता शिवले. त्यानंतर जुने नमुने पुन्हा तपासले. चाचणीतून असे अनेक रुग्ण निसटले आहेत.

३. निष्कर्ष दाखवताच आचान म्हणाले, "पोरी, तुला मी घडवलं. आता मलाच शिकवतेस?"
मी म्हणाले, "आचान, बुआलाईबाईंना आपणच घरी पाठवलं होतं."
"एका भातवालीपायी माझी हयात मातीत घालू?"
दुसऱ्या दिवशी माझ्या कार्डाने नमुन्यांच्या शीतगृहाचे दार उघडेना. परदेशी शिष्यवृत्तीसाठी त्यांनी माझी शिफारस एका ओळीत केली : "हुशार आहे, पण कृतघ्न."

४. आपण जुळवून घ्या म्हणता. आपणही त्यांचेच शिष्य, हे आवारातली मांजरेसुद्धा जाणतात. त्यांना 'आदर्श मार्गदर्शक' सन्मान देताना हार घालायला आपण मला बोलावलेत. मी आले नाही. त्या दिवशी बुआलाईबाईंना अग्नी दिला. मी तिथे होते.

५. तरी मला दुसरा मार्गदर्शक व नमुने द्यावेत. न दिल्यास संशोधन सोडावे लागेल. रुग्ण सोडणार नाही. सोमवारपासून माझ्या बाह्यरुग्ण विभागात त्या चाचणीच्या भरवशावर कुणालाही घरी पाठवले जाणार नाही. पाठवायचेच असेल, तर आपण स्वतः येऊन रुग्णाच्या तोंडावर तसे सांगावे. मी खुर्ची रिकामी करून देईन.

आज्ञेत राहू न शकलेली,
डॉ. ओरावन सिंगखाम
१२ फेब्रुवारी, बुद्धसंवत २५६८

सोबत : फेरतपासणीचे निष्कर्ष, आईची माहिती वापरण्यास बुआलाईबाईंच्या मुलीची लेखी संमती.