विलिआमी काय म्हणतो

९ जानेवारी २००६

खालच्या मजल्यावरच्या विलिआमीला आज हॉस्पिटलातून घरी आणलं. नाताळाआधी झटका आला – उजवी बाजू गेली, आणि जर्मन गेलं! इंग्रजीही गेलं. उरली ती त्याची तोंगन, तीसुद्धा जड जिभेने. कुठल्या कुठे पॅसिफिकमधल्या तोंगा बेटांवरचा हा धिप्पाड माणूस. इकडे रग्बी खेळायला आला आणि पुढे लोकांची कपाटं-सोफे जिन्यांवरून वाहत राहिला. बायको लान, उत्तर चीनमधल्या हार्बिनची. अकरा वर्षं दोघांनी मोडक्यातोडक्या जर्मनवर संसार केला. आता त्याला तिचं कळत नाही, तिला त्याचं.

लान जिन्यातच मला म्हणाली, "ताई, तू भाषांतराचं मशीन बनवतेस ना?" (ती चिनीतली ताई लावते मला. जर्मनीतल्या या कायझर्सलाउटर्न गावात तिच्याशी चिनी बोलणारी मी एकटीच.)

बनवते. चिनी-जर्मन. तेही पंपाचं मॅन्युअल असेल तर धड येतं. चिनी-तोंगन जगात कुणी केलेलं नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!

१२ जानेवारी

इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीतून तोंगन-इंग्रजी शब्दकोश मागवून घेतला. एकीकडे चिनी, एकीकडे तोंगन, मधे इंग्रजीचा पूल. चिनीत सूर बदलला की शब्द बदलला. तोंगनमध्ये प्रत्येक शब्द स्वरावर येऊन थांबतो. गंमत म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण' हा आपला फरक लानच्या चिनीतही आहे आणि तोंगनमध्येही. तोंगनमध्ये तर 'आपण दोघंच' यालासुद्धा वेगळा शब्द! इंग्रजीच्या पुलावरून नेलं की त्या सगळ्याचं नुसतं 'वी' होतं. आपण दोघं मधेच पाण्यात.

श्रीरंगला हे उत्साहाने सांगितलं. म्हणाला, "अगं, त्याला पाणी हवंय की नकोय एवढं कळलं तरी पुरे."

खरं आहे. नवरा बरोबर बोलला की फार राग येतो.

१५ जानेवारी

शब्दकोश घेऊन खाली गेले. पाणी, दुखतंय, भूक – सगळं तोंगनमध्ये वाचून दाखवलं. माझा उच्चार ऐकून तो फक्त हसला, अर्ध्या तोंडाने.

संध्याकाळ झाली की तो एकच काहीतरी म्हणतो. आउ ओ, ओ-ओ-ओ. व्यंजनं सगळी गळून पडलेली. अशा शब्दाला कोशात शोधायचं कुठे? बोलायला शिकवणाऱ्या लोगोपेडिनबाईंनी लानला सांगितलंय, तो जे म्हणेल ते तुम्ही त्याला परत म्हणून दाखवा, वाचा येईल. म्हणून लान वाकते आणि तेच म्हणते – आउ ओ, ओ-ओ-ओ. चिनी कान! सूर तंतोतंत. तो तिच्याकडे डोळे लावून बघत राहतो. ती पांघरूण सारखं करते, दिवा घालवते. मग तो रडायला लागतो.

"काय हवंय याला?" लान मला विचारते. "पाणी दिलं, सूप दिलं, उशी बदलली."

१६ जानेवारी

काही सुचत नाही.

१९ जानेवारी

लानची कंबर धरलीय. विम्यातून आलेला हॉस्पिटलचा पलंग अरुंद, कठडेवाला. त्याला जागा हवी म्हणून जुना डबल बेड खोलून केलरमध्ये, तळघरात टाकला, आणि ही सोफ्यावर झोपते. बाम दिला. दुसरं काय देणार!

२२ जानेवारी

मला आधीच कसं सुचलं नाही – ऑकलंडला त्याची बहीण आहे, लेसिएली. सख्खी बहीण! तिच्याइतकं कुणाला कळणार? टेलिफोन कार्ड आणलं, फोन लावला, रिसीव्हर त्याच्या तोंडाशी धरला. तो म्हणाला तेच. मी म्हटलं, हॅलो? हॅलो? मग ती घाईघाईने इंग्रजीत म्हणाली, "प्रार्थना म्हणतोय तो," आणि फोन ठेवला.

लानला चिनीत सांगितलं – प्रार्थना. माझं पहिलं तोंगन-चिनी भाषांतर.

लान हातातला वाडगा पुसत होती. "देवाशी बोलतोय होय," म्हणाली. "मला वाटलं, माझ्याशी."

५ फेब्रुवारी

लानने ठरवलं. त्याला बहिणीकडे पाठवायचं, कायमचं. "तिथे त्याचं बोलणं समजणारी माणसं आहेत. माझ्याकडे काय आहे? सूप." तिला इथलं काम सोडून जाता येणार नाही.

नको पाठवूस, असं तोंडावर आलं होतं. पण कशाच्या जोरावर सांगू? माझ्याकडे तर सूपही नाही.

११ फेब्रुवारी

लेकीला, नैनाला म्हटलं, "मला असं झालं आणि नुसतं मराठीच उरलं तर?" कन्यारत्न टीव्हीवरून नजर न काढता जर्मनमध्ये – "ममा, हॉर आउफ!" गप्प बस म्हणे. मराठी समजतं तरी तिला. तेवढ्यावर समाधान.

२४ फेब्रुवारी

लेसिएली आली न्यायला. थोराड, प्रेमळ बाई, कमरेला चटईसारखं काही गुंडाळलेलं. लानला मिठी मारून रडली. आणि भावाच्या खोलीचा उंबरा ओलांडेना! बाहेर पॅसेजमध्येच उभी. तो बोलायला लागला की सरळ किचनमध्ये निघून जाते. त्याचं उठवणं-बसवणं सगळं तिने बरोबर आणलेला गोरा नर्स करतो.

"आत या ना," मी म्हटलं. "इथे बरी आहे," म्हणाली.

कसली ही बहीण! भाऊ अंथरुणाला खिळलाय आणि हिला सोवळं! आपल्याकडे भाऊबीजेला एवढा फोन चुकला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. जीव तुटला अगदी. हिच्या हवाली करायचं त्याला? लानकडे बघवेना.

२६ फेब्रुवारी

गेला. फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी रस्ता खणलेला, गाडी कोपऱ्यावरच थांबली. तिथपर्यंत व्हीलचेअर ढकलत नेली. गाडीच्या दाराशी त्याने लानचा हात धरला आणि तेच म्हणाला. लानने तेच परत म्हटलं, आणि हात सोडवून घेतला. लेसिएली पाठ फिरवून उभी होती.

तो रडला नाही या वेळी. मी रडले.

२८ फेब्रुवारी

केलरमधला डबल बेड वर आणून जोडून देऊ का, म्हणून श्रीरंग लानला विचारून आला. नको म्हणाली.

२ मार्च

लेसिएलीच्या नवऱ्याचा फोन. आधी बराच अडखळला. विलिआमी रोज संध्याकाळी काय म्हणतो, ते लानला कुणी सांगितलंय का? प्रार्थना नाही ती. 'ये, इथे माझ्याशेजारी झोप' – एवढंच. नवरा-बायकोचं असलं बोलणं बहिणीच्या कानावर पडू द्यायचं नसतं त्यांच्यात, पूर्वापार. मग ती तोंडाने कुठून सांगणार! आणि मी तिलाच विचारायला गेले.

खाली जाऊन लानला सांगितलं. चिनीत, शब्दाला शब्द.

ती सोफ्यावर बसली. "मी पण त्याला रोज तेच म्हणायचे," म्हणाली. "म्हणायचे, आणि इकडे येऊन झोपायचे."