आधी डोळा, मग पक्षी

जाऊबाई,

मी माहेरी चाललेय. दूध तापवून ठेवलंय, मांजराला आत घेऊ नका.

काल प्रार्थनेनंतर बायका सणाच्या काचेच्या ताटल्यांचं कौतुक करत होत्या आणि तुम्ही लाजून म्हणालात, "वेळ मिळेल तशी रंगवते मी." मी तुमच्या मागेच उभी होते, बोटांना निळा रंग तसाच. पक्ष्याचा डोळा एवढा नाजूक कसा जमतो, असं एकीने विचारलं, तर म्हणालात, "तो सगळ्यात शेवटी काढते."

अहो, ताटली मागच्या बाजूने रंगवतात. आधी डोळा काढायचा, अंग त्यावरून भरायचं. उलट केलं तर समोरून डोळा दिसतच नाही.

तरी मी तुमचं पितळ उघडं पाडलं नाही. सगळ्यांना एवढंच सांगून आलेय की सणाच्या दिवशी आमच्या जाऊबाई सर्वांसमोर बसून एक ताटली रंगवतील. बायका भलत्याच खूश झाल्या.

रंग आणि ब्रश टेबलावर आहेत. डोळा खुशाल शेवटी काढा. पहिल्या रांगेत सासूबाई बसणार आहेत, आणि त्यांना मी परवाच नवा चष्मा करून दिलाय.