एक आटा कमी

दि. ४ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पाइपांचं दुकान बरं चाललं असेलच. लोकांचे नळ काही सुधारत नाहीत. इकडे नानांच्या माशांवर संकट आलंय. टाकीखालचा स्किमर आठवतो ना? खाऱ्या पाण्यात बुडबुडे सोडून सगळी घाण फेसातून वर काढतो तो. त्याच्या पंपाचा प्लॅस्टिकचा एल्बो, तो काटकोनी जोड, आट्यांपाशी तडकलाय. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल बंद झालं, नवीन मशीन घ्या. मी म्हटलं, आमचे वडीलही जुनंच मॉडेल आहेत, तेही बदलून मिळतील का?

पण दादा, पाणी आठवड्याभरात नासेल. नानांना आता माझं नाव आठवत नाही, 'अहो बाई' म्हणतात. तो नारिंगी मासा मात्र बरोबर ओळखतात. त्याचं नाव मुकादम, कारण तो स्वतः काही न करता सगळीकडे फिरून बघतो. मुकादम गेला तर नाना सकाळी उठून कोणाकडे बघतील?

मोडका तुकडा सोबत आहे. तूच येऊन बसवलंस तर उपकार होतील. तू येऊन दोन वर्षं झाली.

लोभ आहेच, जरा सवडही असू दे.

तुझी धाकटी

दि. ९ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुकडा पाहिला. हा आपणहून तुटलेला नाही, पिळून मारलाय. नानांनी जन्मभर लोखंडी पाइप जोडले आणि आपल्याला बाळकडू पाजलं, की घट्ट झालं तरी वर आणखी एक आटा पिळायचा. लोखंड ते सोसतं, प्लॅस्टिकचा जीव जातो. तू म्हणे शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हाताळतेस. पोरांची कीव येते.

माझं नेमकं उलट. माझ्या प्रत्येक जोडाला नाना गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, थोरल्यानं एक आटा कमी ठेवला. म्हणून तर मी प्लॅस्टिकच्या धंद्यात शिरलो.

नवीन एल्बो पाठवतोय, लेथवर आटे पाडून घेतलेत. टेपचे तीन वेढे दे, हातानं फिरव, हात थांबला की तूही थांब. पाना लावलास तर तोंड दाखवू नकोस.

आणि येण्याचं म्हणशील, तर मागच्या खेपेला नानांनी मला पाण्याचं मीटर बघणारा समजून दाराबाहेरूनच मीटर दाखवलं आणि दार लावून घेतलं. ते पुन्हा बघायची मला हौस नाही.

प्रकृतीला जप, आट्यांना त्याहून जास्त जप.

दादा

दि. १५ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझा एल्बो तीन दिवस टिकला. शिव्या घालण्याआधी पुढचं वाच.

काल शाळा लवकर सुटली. घरी येते तर नाना टाकीखाली डोकं घालून बसलेले आणि हातात त्यांचा जुना पाना! उशीखाली ठेवतात म्हणे. काय करताय विचारलं, तर म्हणाले, बाई, जोड आहे, रोज बघावा लागतो. म्हणजे रोज दुपारी एक आटा. मी निर्दोष ठरले, माफीचं पत्र वेगळ्या पाकिटातून पाठव.

मी पाना लपवला. नानांनी संध्याकाळभर घर धुंडाळलं. जेवले नाहीत. मग हात मांडीवर ठेवून नुसते बसले, मुकादमाकडेही पाहिलं नाही. मला बघवेना, पाना परत दिला. एल्बो तूर्त चिकटवलाय, पण आता पाना काढून घेतला तर नाना खचतात आणि ठेवला तर मासे जातात. तू तिकडे बसून हुशारी पाजळतोस ना, मग काढ तोडगा.

रागावले असले तरी तुझीच,

धाकटी

दि. २० जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

चुकलो. पुन्हा लिहिणार नाही, हेच जपून ठेव.

पार्सलमध्ये एल्बो आहे आणि एक फळी. फळीवर लोखंडी पाइपाचे दोन तुकडे आणि मधे जोड. त्यातून पाणीबिणी काही जात नाही. टाकीशेजारी नानांच्या हाताच्या उंचीवर ठोक आणि पिळू देत रोज. सकाळी ते अंघोळीला गेले की तू एक आटा सैल कर. स्किमरच्या कपाटाला कुलूप लाव.

उगीच हळवी होऊ नकोस. दुकानात भंगार पडलं होतं, त्यातलंच आहे.

मासे कसे आहेत ते कळव.

दादा

दि. २६ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

भंगार म्हणतोस, पण भंगाराला कोणी घासूनपुसून तेल लावत नाही. मला कळतं रे.

फळी ठोकली. स्किमर फेस काढतोय, मुकादम पाहणीवर आहे. दुपारी नाना पाना घेऊन आले. फळी दिसली तसे थबकले. चष्मा लावला, जोडावरून अंगठा फिरवला, मग पाना लावून एक आटा दिला. मी दारातून बघत होते.

मग मला हाक मारून विचारलं, थोरला येऊन गेला का. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाले, हा जोड त्याचाच, गाढवानं अजून एक आटा कमीच ठेवलाय.

दादा, ये. मीटर बघायला नको, बोलणी खायला ये.

धाकटी