दाजींसाठी लॉरी पाहिली त्याची हकीकत

पोलादपूर,
फाल्गुन वद्य तृतीया

तीर्थरूप दाजींच्या चरणी रावजीचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (खुशाल हा शब्द लिहावा की नाही यावर मी बराच वेळ थांबलो, पण प्रकृतीपुरता तो खरा आहे.) आपला पाय कसा आहे? सूज उतरली असल्यास मैनाक्काने शेक चालू ठेवावा, आणि उतरली नसल्यास निदान हे पत्र वाचून होईपर्यंत आपण पाय हलवू नये, एवढी विनंती.

आपली चिठ्ठी पोचली. "दोनच लॉऱ्या आहेत, दोनच ओळींत लिही, कोणती घेऊ," असे आपण विचारले आहे. दोन ओळींत लिहिण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. तीन कागद फाडले. पण मागचेपुढचे न सांगता नुसता निकाल लिहिणे म्हणजे वाचणाऱ्याला फसवणे, असे मला वाटू लागले, आणि एकदा तसे वाटू लागले की माझा इलाज चालत नाही हे आपण जाणताच. (आमची येसूबाई म्हणते, मी बी.ए. झालो नसतो तर एव्हाना पत्र आपल्या हाती पडले असते.)

कामाचे महत्त्व मी विसरलो नव्हतो, हे आधी सांगतो. आंबेनळीच्या घाटात महाबळेश्वरास निघालेल्या बड्या लोकांच्या मोटारी दम तोडतात; तशीच एक ढकलायला आपण गेलात आणि ती उलटी येऊन आपल्या पायावर बसली. दुसरा कोणी मोटारवाल्याच्या सात पिढ्या काढीत पडला असता. आपण पडल्या पडल्या योजना काढलीत: लहानशी लॉरी, पण इंजिन पेट्रोलचे आणि दांडगे, मागे साखळी, चैत्र लागला की घाटाच्या तोंडाशी उभे राहायचे आणि अडलेली मोटार वरपर्यंत ओढून द्यायची. हे जमले तर आपल्याला पुन्हा मुंबईच्या गिरणीत जावे लागणार नाही आणि अक्काचे घर एकदाचे भरलेले राहील. त्यामुळे लॉरी निवडणे हे माझ्या लेखी सोयरीक जुळवण्याहून जोखमीचे काम होते. सोयरीक चुकली तर निदान दोष दोघांत वाटून घेता येतो.

महाडच्या मोरूशेठने दोन्ही लॉऱ्या पारखायला आळीपाळीने द्यायचे कबूल केले, सोबत ड्रायव्हर चांगू. अट एकच, तीही त्याने हसत हसत घातली: "नेली तशी परत आणा, नाय तर घरीच ठेवा." मीही हसलो. (त्या हसण्याचा पुढे मला फार त्रास झाला.)

आधी तांबडी आली. परीक्षा निःपक्षपाती हवी म्हणून मी ठरवले की दोघींना एकाच चढावर एकच ओझे ओढायला लावायचे. ओझे म्हणून भागोजीची बैलगाडी बैल सोडून मागे बांधली आणि तीत वाडीतली माणसे बसवली. दगड भरता आले असते. पण माणसे स्वतः चढतात आणि स्वतः उतरतात, एवढा सोयीचा विचार मी केला आणि तिथेच फसलो. तांबडी खिंडीच्या चढाला लागली, जरा घरघरली, आणि गाडीतली सगळी माणसे टपाटप खाली उड्या टाकून लॉरी ढकलू लागली! मी ओरडलो, अरे बसा, ओझे म्हणून बसा! तर भागोजी म्हणतो, "काय वो भाऊ, ती बिचारी दमलीय नि आमी काय राजावानी बसून ऱ्हावं?" पुन्हा बसवले, पुन्हा उतरले. चौथ्या खेपेला तर लॉरी सुरू व्हायच्या आधीच उतरून उभे राहिले. इतक्या भल्या माणसांत राहून शास्त्रीय परीक्षा घेणे किती कठीण आहे, याची कल्पना शहरातल्या लोकांना यायची नाही.

तशात चांगूने "गाडीला पाणी द्या" अशी हाक दिली. शेजारच्या घरातून साळूबाई कळशी घेऊन धावली आणि तिने ती स्वतःच्या हाताने पुढच्या टाकीत रिकामी केली. थोड्या वेळाने चढावर काकवीचा वास सुटला. चौकशीअंती कळले की ते गूळपाणी होते. "उन्हातून आल्या पावण्याला कोरडं पाणी कसं देऊ?" असे साळूबाईने मलाच विचारले. तांबडी तिथेच थांबली. टाकी गरम पाण्याने धुऊन ती महाडला परत पाठवली. पण दाजी, गूळपाणी प्यालेल्या इंजिनाला अशक्त ठरवणे न्यायाचे आहे का? हा प्रश्न मला अजून छळतो. तांबडीविषयी मी काहीच वाईट लिहीत नाही. आता लिहून उपयोगही नाही.

मग हिरवी आली. तिच्या इंजिनाला आठ नळकांडी. चांगूने ती नुसती सुरू केली तरी झाडावरचे कावळे उठतात. ती आली नेमकी शिमग्याच्या पौर्णिमेला. वाडीत वेगळीच अडचण उभी होती: होळीसाठी कशेडीच्या पायथ्याच्या रानात सावरीचे झाड तोडून ठेवलेले, आणि ते खांद्यावर आणायला माणसे नाहीत, कारण यंदा गिरण्यांनी पुष्कळांना रजाच दिली नाही. सगळ्यांची नजर हिरवीकडे गेली. मी म्हटले, लॉरी परक्याची, पारखायला आणलेली. तिला गावच्या कामाला लावणे बरे नव्हे. भागोजी म्हणाला, "कामाला कोन लावतंय? आमी पारखतोय." यात तथ्य होते. ठमाबाई, म्हणजे वाडीतले सर्वांत जुने माणूस, त्यांची हरकत निराळी होती: "होळी मानसांनी आणायची रे. इंजनानं आणली तर नवस इंजनाचा की गावाचा?" शेवटी मी तोड काढली की झाड लॉरीने ओढावे, पण दोराला सगळ्यांनी हात लावून चालावे. म्हणजे आणणारी माणसे, आणि लॉरी नुसती मदतनीस.

दाजी, ओढ म्हणाल तर अशी ओढ मी जन्मात पाहिली नाही. "चालावे" हा माझा शब्द तिने पहिल्या पन्नास पावलांत खोडून काढला. पुढे लॉरी, मागे झाड, आणि दोर सोडला तर होळी बाटेल या भीतीने दोराला लटकून पळणारे सगळे गाव! भागोजीचे मुंडासे एका करवंदीत राहिले, ते तिथेच आहे. वाडीच्या वळणावर झाडाचा शेंडा कोंडाजीच्या अंगणातून फिरला आणि त्याची बाज उचलून बरोबर घेऊन आला. कोंडाजी म्हणजे रजा मिळालेल्या चौघांतला एक. गिरणीत फिटर आहे, आणि तो त्या वेळी बाजेवरच निजला होता. तो वळणावरच खाली पडला. बाज मात्र होळीच्या माळापर्यंत आली.

कोंडाजी मागोमाग आलाच. म्हणाला, माझी बाज द्या. जमलेले म्हणाले, माळावर आलेले लाकूड परत जात नाही. भांडण वाढले तेव्हा सगळे म्हणाले, भाऊ शिकलेले आहेत, ते सांगतील. मी डोळे मिटून दोन्ही बाजू तोलल्या. एकीकडे गरीब माणसाची झोप, दुसरीकडे पिढ्यांची रीत. अखेर मी असा निकाल दिला की, होळीच्या माळावर लाकूड एकदा आले की ते होळीचे. ते कोणी आणले, कसे आणले, आणणाऱ्याच्या मनात काय होते, हे पाहण्याचे कारण नाही. (खरे सांगतो, वाक्य तोंडातून बाहेर पडले तेव्हा मला फार समाधान वाटले. ते मी दोनदा म्हटले.) कोंडाजीने हात जोडले. "न्याय बरोबर हाय भाऊ," एवढेच बोलला आणि लॉरीकडे बघत उभा राहिला. त्याचा शांतपणा पाहून मला भरून आले.

त्यानंतर मी नि चांगू पुरणपोळी खायला घरी आलो. लॉरी माळावर होती.

दिवस मावळायला परत गेलो तेव्हा हिरवी मला एकदम वाळलेली दिसली. वाटले, उजेड कमी आहे. जवळ गेलो तर पुढे इंजिन आहे, चाके आहेत, मागे लोखंडी दांडे आहेत आणि त्यांवर आभाळ आहे. मागचा लाकडी हौदा फळीन् फळी सुटा होऊन सावरीच्या बुंध्याशी रचलेला होता, वर कोंडाजीची बाज. काम फारच सुबक झाले होते. बोल्ट एका डब्यात भरून ठेवले होते. पान्हा पुसत कोंडाजी म्हणाला, "लोखंड आमी शिवलं नाय हां भाऊ. लाकूड तेवढं घेतलं."

मी म्हटले, "अरे, ही लॉरी आहे!"

"माळावर आली ना?"

"मी उभी केली म्हणून आली."

"कोनी आणली, कशी आणली, आणणाऱ्याच्या मनात काय होतं, ते पाहण्याचं कारण नाय," कोंडाजी म्हणाला. एका शब्दाची चूक नाही. मी सकाळी दोनदा म्हटले होते ना.

सगळा गाव माझ्या तोंडाकडे पाहत होता. निकाल फिरवला असता तर हौदा वाचला असता. पण दुसऱ्याच्या बाजेला एक न्याय आणि आपल्या हौद्याला दुसरा, हे मला करवेना. मी म्हटले, पेटवा. होळी फार सुंदर पेटली. (हौद्याला ताजे तेलपाणी केलेले होते.) पहिली बोंब माझ्या नावाने झाली. ती एकंदरीत रास्त होती असे वाटल्यावरून मीही तोंडावर हात नेऊन तीत सामील झालो.

असो. दोन्ही लॉऱ्यांचे गुणदोष मी आपल्यापुढे तटस्थपणे मांडले आहेत. आपण वडील आहात, व्यवहारी आहात. माझ्या मताचे दडपण न घेता सावकाश विचार करून निर्णय घ्यावा. अक्कास नमस्कार.

आपला आज्ञांकित,
रावजी

ता. क. सावकाश म्हणजे उद्या दुपारपर्यंत. मोरूशेठ आपल्याकडे तुडीलला येत आहेत. मी त्यांना निरोप धाडला की लॉरी आमच्याने सोडवत नाही. यात असत्य काही नाही, तरी पुढचे आपण सांगितलेले बरे.

ता. क. २. आपण मागितलेल्या दोन ओळी: हिरवी घ्यावी.
घेतली आहे.

ता. क. ३. हौदा गेल्याने लॉरी हलकी झाली असून ओढ वाढली आहे. अडलेल्या मोटारीला हौद्याशी काय करायचे आहे? हा मुद्दा मोरूशेठपुढे काढू नये, आपल्या मनःशांतीसाठी आहे.

ता. क. ४. मूळ काम लिहायचे राहिलेच. हे पत्र घेऊन चांगूबरोबर हिरवीतून आलेला इसम तो कोंडाजी. तो आपल्या लॉरीवर फिटर म्हणून राहायला तयार झाला आहे आणि माणूस हाताचा फार चांगला आहे (हे मी पाहिले आहे). त्याची अट एकच, बाजेबद्दल बाज. आमच्या घरची मी देऊ केली, ती त्याला आखूड होते. आपल्याकडे एकच आहे आणि आपण या क्षणी तिच्यावरच पाय लांब करून पडला असाल, याची मला पूर्ण जाणीव आहे. घाई नाही, आपण उठेपर्यंत तो अंगणात थांबेल, भाकरी बांधून आला आहे. बाज लॉरीत घालता येणार नाही, कारण घालायला लॉरीत काही उरलेले नाही. मागे साखळीने बांधून द्यावी. ओढ उत्तम आहे, याची खात्री मी केलेली आहेच. फक्त बांधण्याआधी आपण बाजेवरून उतरला आहात, एवढे अक्काने नीट पाहावे.