आईच्या खोलीतली हवा

ता. ९, मंगळवार

चि. छकुली,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. बाळ मान धरू लागलं हे वाचून बरं वाटलं. जावईबापूंचा खोकला थांबला असेल. माझं ठीक चाललं आहे. गुडघा कुरकुरतो, तरी कामावर जातो. सध्या एका दवाखान्याच्या नव्या इमारतीत काचा बसवतो आहे. मी शिडीवर चढलो की मुकादम खालून ओरडतो, "काका, पडा खुशाल, पण काच धरून ठेवा!"

बाळाला घेऊन आल्यावर आईच्या खोलीत राहता येईल का, असं तू विचारलंस. फोनवर मी म्हणालो, रंगकाम चालू आहे. तसं काही नाही. ती खोली मी बंद केली आहे.

नुसतं कुलूप लावलेलं नाही. आई गेली त्या दिवशी तुझी मावशी तिथली खिडकी उघडायला गेली, तेव्हा मी तिचा हात धरला. तिला वाटलं, मला चक्कर आली. पण त्या खोलीत आईने सोडलेला श्वास होता. तो रस्त्यावर जाऊ द्यायचा, हे मला जमेना.

आई शाळेत मुलांना बरणी करून दाखवायची, ते तुला ठाऊकच आहे. तळाशी खडे, वर माती, एक रोपटं, घोटभर पाणी आणि घट्ट झाकण. मुलं विचारायची, "बाई, याला रोज पाणी कोण घालणार?" ती सांगायची, "तेच पाणी वर जातं, काचेवर बसतं, परत खाली येतं. हवा आणि माती जिवंत नाहीत, पण त्यांच्यावाचून जिवंत काही राहत नाही."

मी जन्मभर फटी बुजवत आलो. तिथेही खिडकीच्या कडा सिलिकॉनने भरल्या. हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या भोकावर काच बसवली. तिच्या सगळ्या कुंड्या आत ठेवल्या, टब भरून पाणी ठेवलं आणि दारही चहूबाजूंनी बंद केलं. त्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच आहे. संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचो.

आधी सगळ्या काचेवर वाफ धरायची. मग ती एकाच ठिकाणी धरू लागली. आई दारापाशी उभी राहिली तर तिचं तोंड जिथे येईल, तिथे. बशीएवढी. विरायची आणि पुन्हा यायची. मी माझा श्वास मोजून पाहिला. त्याच्याशी ती जुळत नव्हती.

परवा खालच्या मावशी नळवाल्याला घेऊन वर आल्या. त्यांच्या छताला ओल आली आहे. "काचवाले, वर तळं बांधलंत का हो? आमच्याकडे मासे पडायचे तेवढे राहिलेत!" असं म्हणत त्या हसत होत्या. नळवाला दाराशी गेला आणि तसाच उभा राहिला.

"काका, आत कोण झोपलंय?"

"कुणी नाही."

"मग काचेवर श्वास कुणाचा?"

मावशींचं हसू थांबलं. चहासुद्धा न घेता दोघं गेली.

तेव्हा मी बॅटरी लावून नीट पाहिलं. टब कोरडा होता. त्याला तडा गेला होता आणि पाणी फरशीतून खाली उतरलं होतं. एवढ्या फटी बुजवल्या, पायाखालची राहिली. कुंड्यांतली माती भेगाळली होती. झाडं खिडकीकडे झुकायला हवीत ना? ती सगळी दाराकडे झुकली होती. माझ्याकडे. आणि वाफ आता नाण्याएवढीच उमटत होती. मध्ये फार वेळ जाऊ लागला होता.

उघडलं तर ती जाणार. न उघडलं तर माझ्या डोळ्यांदेखत तहानेने जाणार, आणि दुसऱ्यांदा ते बघणं माझ्याच्याने होणार नव्हतं. आज दुपारी पातं घेऊन दाराच्या कडांचं सिलिकॉन कापलं.

हवा बाहेर येईल असं मला वाटलं होतं. ती आत गेली. माझा सदरा पुढे ओढला गेला, मागचं कॅलेंडर फडफडलं. फार वेळ श्वास कोंडलेल्या माणसाने तो घ्यावा, तसा आवाज झाला. मी "आलो, आलो" म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

तांब्याने एकेका कुंडीत पाणी घातलं. माती चुरचुरत पीत होती. शेवटची कुंडी झाली तरी तो आवाज चालूच होता. पलंगाच्या बाजूने. तिकडे कुंडी नाही. मी तांब्या भरून उशाशी ठेवला आणि बाहेर आलो. आता पाहिलं तर तो रिकामा आहे.

खिडकी अजून बंदच आहे. ती उद्या सकाळी उघडीन. बाळाला मोकळी हवा हवी, हे तिने मला केव्हाच सांगितलं असतं. तिला फक्त पाणी पाजून पाठवायचं होतं. हे पत्र हाती पडेल तेव्हा खोली रिकामी असेल. मग निघा. त्याआधी निघू नका.

बाळाला आज आम्हा दोघांचे आशीर्वाद. उद्यापासून माझ्या एकट्याचे.

तुझे
बाबा