चुन्याची बोटं

आत्याबाई,

काल पाखरं मोजणारी पोरं दारात आली होती. वनखात्याची की कुठल्या कॉलेजची, मला नीट कळलं नाही. पायात बूट, गळ्यात दुर्बीण आणि हातात आपल्या माळाचा नकाशा. म्हणाली, आजी, माळढोक कुठं दिसला तेवढं सांगा, आम्ही इथं खूण करतो, म्हणजे तेवढा माळ राखता येईल. मी त्यांना चहा दिला आणि चुलीसमोरच्या तुमच्या भिंतीकडं बघत बसले. त्यांना वाटलं, म्हातारीला ऐकू येत नाही. तुम्ही असताना मला अक्षरओळख नव्हती. मागनं सातबारा वाचायच्या हट्टापायी एकटीच शिकले. ते आज तुम्हाला लिहायला उपयोगी पडतंय, पण तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं.

तुमच्याकडं ताकाला येणारी बाई तंबाखू मळायची आणि बोटाला उरलेला चुना भिंतीला पुसायची, सगळ्या गावाची तीच खोड. तुम्ही त्या खोडीलाच कामाला लावलंत. भिंत म्हणजे आपला माळ धरायचा: खालच्या अंगाला ओढा, वर वडूजचा रस्ता, मधली भेग म्हणजे मेंढरांची वाट. माळढोक जिथं दिसला त्या जागी बोट पुसायचं, मगच ताक. तुमच्या जतकडच्या माहेरी तो पक्षी बघता बघता संपला होता. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, मेंढराचा पाय पडला की गेलं, एवढंच तुम्ही सांगायचात. जिकडं ताजी बोटं दाट, तिकडं धनगर मेंढरं घालायचे नाहीत, बाया शेण वेचायला जायच्या नाहीत. ताजी कुठली आणि जुनी कुठली, ते मात्र तुम्हालाच ठाऊक, तुम्हीच त्यांना सांगायचात. शेजारीण तर सवयीनं कुठंही चुना पुसायची. एकदा ओढ्यात पुसला तेव्हा तुम्ही न हसता विचारलंत, "काय गं, माळढोक आता पोहाया लागला व्हय?" ती म्हणाली, "तहान लागली आसंल, आत्ती, माझ्यावानी." त्या दिवशी तिच्या तांब्यात ताक जरा जास्तच पडलं.

मग लढाईच्या दिवसांत तुमचा लेक, माझा धनी, पलटणीतनं रजेवर येतो. चुलीपुढं बसलाय, ताटात भाकरी, समोर ती भिंत. ती वाचायला त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पलटणीतल्या गोऱ्या साहेबाला माळढोकाची शिकार करायचीय, म्हणतो. यातली ताजी बोटं कुठली ते उद्या सांग, आये. तुम्ही नुसतं हूं म्हणता. मग माझ्याकडं वळून, आवाज उतरवून तो पुढचं बोलला. पक्षी दाखवला तर साहेब त्याला साताऱ्यातच ठेवून घेणार, दर्यापार जाणाऱ्या तुकडीतनं त्याचं नाव काढणार. तुम्ही काटवटीत भाकरी थापत होता. थाप थांबली नाही. तुम्हाला ऐकू गेलं का, आत्याबाई?

सकाळी बघते तर भिंत पांढऱ्या मातीनं सारवलेली. सण नाही, वार नाही, आणि तुमचे हात कोपरापर्यंत बरबटलेले. तो म्हणाला, "आये, ह्ये काय केलंस?" तुम्ही म्हणालात, "लय धूर धरला व्हता, बाबा. आता माझ्याबी ध्यानात न्हाई." तो हसला, म्हातारी झालीस म्हणाला. साहेबाची मोटार माळभर धूळ उडवत फिरली आणि रिकामी गेली. रजा संपली. दर्यापार गेला तो गेलाच. तार आली तेव्हा तुम्ही ताक घुसळत होता.

इतकी वर्षं मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. ऐकलं नसेल, तर तुम्ही नुसती पाखरं राखलीत, बाकीचं नशिबात होतं. ऐकलं असेल, तर तिथनं पुढं माझं डोकंच चालत नाही. साहेबाच्या शब्दाचा तरी काय भरवसा होता? तार न येता तो पांढऱ्या केसांनी उंबऱ्यात बसला असता, की दुसऱ्याच कुठल्या कारणानं गेला असता? कधी तुमचा इतका राग यायचा की तुमच्या हातची भाकरी ताटात तशीच ठेवून मी उठायचे. आणि त्याच रागात आठवायचं, त्याचं वर्षश्राद्ध झाल्यावर शेजारीण ताकाला आली, कोऱ्या भिंतीपुढं घुटमळली. तुम्हीच चुन्याची डबी तिच्यापुढं सरकवलीत. म्हणालात, "पूस. कुठं दिसला?" मी तुमच्या तोंडाकडं बघत राहिले. काही कळलं नाही.

पोरं चांगल्या घरची वाटली. नकाशा माळ राखायलाच आहे म्हणतात; तुमची भिंतही राखायलाच होती. मी सांगितलं, आता कुठला माळढोक, बाबांनो, गेला तो कधीच. पण मला दिसलाय, आत्याबाई. याच पंधरवड्यात, एकटाच, मान उंच करून उभा. कुठं ते मी इथं नीट लिहिलं होतं, आणि मग ओलं बोट त्या ओळीवरनं फिरवलं. हा कागद आता फडताळात घडी करून ठेवीन. बोटाला शाई लागली होती, ती उठून तुमच्या भिंतीला पुसली. सवयीनं पुसली की जागा बघून, ते मला सांगता यायचं नाही.