खिशातल्या बाईचे अठरा टक्के

उदगीर,
कोजागिरीनंतरचा गुरुवार

तीर्थरूप विरूपाक्ष दाजी यांस, उदगीरहून उमाशंकर वकिलाचे शरणु शरणार्थी.

इकडे मी आणि गौरम्मा बरे आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? शांतम्मा अक्काची साखर उतरली का? (तपासायला जायच्या आधी दोन दिवस ती गोड सोडते आणि तपासून आली की बालूशाही मागवते, हे मला ठाऊक आहे. मी तिचा धाकटा भाऊ आहे, डॉक्टर नाही.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही. पत्रात दोघांचीही सोय होते.

दाजी, दसऱ्याला आम्ही नांदेडला आलो होतो तेव्हा तुमच्या चिरंजीवांनी, म्हणजे माझ्या लाडक्या भाच्यानं, रविकिरणनं, माझं कल्याण करायचं मनावर घेतलं. त्याची कंपनी वकिलांना कोर्टाचे जुने निकाल शोधून देणारी 'निवाडामित्र' नावाची सेवा चालवते, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताच. ती त्यानं गेल्या वर्षीच माझ्या संगणकावर बसवली होती आणि मी तिचा फार जपून वापर करत होतो, म्हणजे उघडत नव्हतो. पण यंदा तिच्यात नव्या सोयी आल्या. पुरणपोळीच्या ताटावरून मला उठवून त्यानं माझा फोन घेतला आणि हात न धुता त्या सगळ्या सोयी त्यात भरल्या. पहिली, बोला आणि शोधा: टाइप करायचं नाही, आपल्या भाषेत बोलायचं, निकाल हजर. दुसरी, दोन ओळींत निकाल: चाळीस पानं वाचायची नाहीत. तिसरी, यशमापक: आपला युक्तिवाद ऐकून जिंकायची शक्यता किती टक्के, ते सांगणार. मी म्हणालो, अरे, तेहतीस वर्षं वकिली करून राहिलो, माझी शक्यता मला कळते. तर तो म्हणाला, मामा, ते तुमचं मत झालं, हे गणित आहे. तुम्ही शेजारी बसून मान हलवत होता. (मला वाटलं माझ्या बाजूनं हलवताय.)

उदगीरला परतलो आणि दुसऱ्याच दिवशी कस्तुराबाई दारात उभी. ही बाई हत्तीबेटाकडच्या रस्त्याला राहते, नवरा नाही, साडेतीन एकर रान स्वतः करते आणि वकिलाला फार बोलू देत नाही. तिच्या रानात जायची गाडीवाट शेजारच्या मलप्पाच्या रानातून जाते. तिच्या सासऱ्याच्या आधीपासून जाते. यंदा मलप्पानं ती वाट नांगरून टाकली आणि वर आडवा चर खोदला. बाईचं सोयाबीन कापून बनीम, म्हणजे गंजी, लावून रानात पडलेलं, मळणीयंत्र आत जायला वाट नाही, आणि आभाळ रोज दुपारी काळं होऊन राहिलेलं. एक मोठा पाऊस आला की बनिमीला मोड फुटणार आणि वर्षाचं पीक मातीत जाणार. मी म्हणालो, काळजी करू नका, दावा टाकू आणि ताबडतोब मनाईहुकूम मागू. ती म्हणाली, ताबडतोब म्हंजे कोर्टाचं ताबडतोब का माणसाचं? मी तिला चहा दिला.

दावा दाखल केला, सोमवारची सुनावणी मिळाली. आता शनिवार-रविवारी जुने निकाल शोधायचे. एरवी मी कपाटातली चार पुस्तकं काढली असती, पण घरात एवढं गणित आलेलं असताना पुस्तकाला हात लावणं म्हणजे भाच्याचा अपमान. फोन तोंडापुढं धरला आणि स्वच्छ आवाजात म्हणालो, गाडीवाट अडवली. निवाडामित्रानं क्षणात मोटार अपघातांचे चारशे बारा निकाल दिले. म्हटलं, आपली चूक झाली, नीट सांगू. म्हणालो, बैलगाडीची वाट. तर बैलगाड्यांच्या शर्यतीचे निकाल आले. म्हणालो, बांध कोरला. तर धरणग्रस्तांचे आले. मग मी कस्तुराबाईचं पूर्ण वाक्य, तिच्याच चालीत, न थांबता सांगितलं: मलप्पानं वाटेत आडवा चर सोडला. दाजी, पडद्यावर काय उमटलं असेल? मलप्पानं वाटेत आडवा चरस ओढला. त्याखाली अमली पदार्थांचे सत्तर निकाल आणि लाल अक्षरांत सूचना, की अशा प्रकरणात जामीन मिळणं अवघड आहे. गौरम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि विचारू लागली की मलप्पासारखा माळकरी माणूस या वयात हे काय करून बसला. संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या गल्लीत होती. आता तो बदनामीचा दावा लावेल, तेव्हा त्याचेही निकाल शोधून ठेवले आहेत. (ते बराबर सापडले.)

शेवटी रविवारी दुपारी मी पुणेरी माणसासारखं तोंड करून 'वहिवाटीचा रस्ता' असं म्हणालो, तेव्हा कुठं एक निकाल आला. वर हिरवी खूण. खाली दोन ओळी: शेजाऱ्यानं रस्ता बंद केला होता, तो चोवीस तासांत मोकळा करून देण्याचा आदेश. मला रविकिरणबद्दल एकदम उमाळा आला. एकोणतीस पानांचा निकाल होता, पण दोन ओळींत सगळं आलेलं असताना उरलेली पानं वाचणं म्हणजे पुन्हा अविश्वास. मी गौरम्माला सांगितलं, उद्या गोड कर.

सोमवारी कोर्टात समोर वीरण्णा वकील. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्याकडे साधा फोन आहे आणि तोही ते घरी ठेवून येतात. जज मॅडम तरुण आहेत, नव्यानेच बदलून आलेल्या, आणि त्यांना एक वाईट खोड आहे: दिलेला कागद त्या वाचतात. मी ऐटीत निकाल पुढं केला. त्यांनी पानं उलटली आणि मला म्हणाल्या, वकीलसाहेब, चौदावा परिच्छेद जरा मोठ्यानं वाचा. मी वाचू लागलो. दाजी, त्या पहिल्या दोन ओळी खालच्या कोर्टाच्या आदेशाच्या होत्या. पुढं अपिलात हायकोर्टानं तो आदेश चुकीचा ठरवून रद्द केला होता, का रद्द केला त्याची सात कारणं दिली होती, आणि ती सातही कारणं मी खणखणीत आवाजात, माझ्याच अशिलाच्या विरोधात, शेवटपर्यंत वाचली.

तरी मी डगमगलो नाही. (तेहतीस वर्षांत शिकलेली एकच गोष्ट.) मी म्हणालो, इथली वस्तुस्थिती वेगळी आहे. मॅडमनी विचारलं, कशी वेगळी? मी पाण्याचा घोट घेतला. आणि त्या शांततेत माझ्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशातून एक गोड बाई म्हणाली, "आपल्या युक्तिवादाच्या यशाची शक्यता अठरा टक्के. कृपया तडजोडीचा विचार करावा."

फोन मी मुका केला होता. पण यशमापक मुका होत नाही, तो अशिलाच्या हिताचा असल्यामुळे तसा ठेवलाय, असं तुमच्या चिरंजीवांनी मला मागाहून कौतुकानं समजावलं. मी खिशात हात घालून जे सापडेल ते दाबलं आणि गडबडीत बोलत राहिलो, की ही वाट पिढीजात आहे, अनादि काळापासून आहे. खिसा म्हणाला, "अकरा टक्के."

वीरण्णा सावकाश उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मॅडम, समोरच्या विद्वान वकिलांच्या खिशानं जे सांगितलं, त्यात मला भर घालायची नाही."

शिपायापासून टायपिस्टपर्यंत सगळं कोर्ट हसलं. मॅडमनी फोन शिपायाकडे द्यायला लावला. मी दिला. दाजी, मला हसण्याचं काही वाटलं नाही, वाटलं ते मागं वळून बघितल्यावर. कस्तुराबाई कठड्याला धरून उभी होती आणि हसत नव्हती. मलप्पाच्या टोळक्याकडे न बघता ती थेट मॅडमला म्हणाली, "बाई, ती खिशातली बाई कोण हाय? तिनं माझं रान पाह्यलंय का?"

मॅडम म्हणाल्या, नाही, ते यंत्र आहे.

"मंग तिला अठरा कसं समजलं? हितं बोलून राहिलेल्या एकानं तरी माझी वाट पाह्यली का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. वीरण्णांना विचारलं, तुम्ही जागा पाहिली आहे? त्यांनी गुडघ्याची तक्रार सांगितली. (तुमची आठवण झाली.) मग मला विचारलं. आता तुमच्यापासून काय लपवायचं, दाजी. ते रान बसस्टँडपासून सात किलोमीटर आहे. मी दोन दिवस फोनशी बोलत बसलो, तेवढ्यात चौदा वेळा जाऊन आलो असतो. मी गेलो नव्हतो. मी तसं सांगितलं. खोटं बोलायला शब्द सुचले नाहीत, आणि पहिल्यांदाच कोर्टात खाली बघून उभा राहिलो.

मॅडमनी तिथल्या तिथं एका वकिलाला कोर्ट कमिशनर नेमलं. आजच दुपारी जाऊन रान बघा, उद्या सकाळी अहवाल, आणि दोन्ही वकिलांनी सोबत जावं, गुडघ्यासह.

तर आम्ही तिघं काळे कोट घालून ऑटोतून तिथं पोचलो. मलप्पाचं रान एकसारखं नांगरलेलं. वाटेचा मागमूस नाही, चाकोरी नाही, काही नाही. मलप्पा हात जोडून म्हणाला, दाखवा साहेब, कुठं हाय वाट? कमिशनर वही काढून 'वाट दिसत नाही' असं लिहिणार, तेवढ्यात कस्तुराबाई रस्त्याच्या कडेला चिंचेखाली गेली. वाट बंद झाल्यापासून तिची बैलजोडी तिथंच बांधलेली होती. तिनं दोन्ही दावी सोडली आणि म्हणाली, "माणसाची साक्ष ऱ्हाऊ द्या. ह्यांला इचारा."

बैल आधी जागेवरच उभे राहिले. मग चालू लागले. नांगरटीत, ढेकळांतून, इकडंतिकडं न बघता, दोघं एका रेषेत, शेजारी चारा होता त्याला तोंड न लावता. आम्ही मागं. बरोब्बर चराच्या कडेला जाऊन ते थांबले, आणि मान वळवून बाईकडे बघत राहिले, की पुढचं काय. पलीकडे दीडशे पावलांवर तिची बनीम दिसत होती. कमिशनरनं पावलं मोजून नकाशा काढला. वीरण्णा लई वेळ त्या बैलांकडे बघत होते. मग मलप्पाला बाजूला नेऊन कानडीत काहीतरी म्हणाले. मला एवढंच कळलं की त्यात 'अठरा' नव्हतं.

मंगळवारी अहवाल गेला. वीरण्णांनी फारसा विरोध केला नाही. मनाईहुकूम झाला, चर दोन दिवसांत बुजवायचा आदेश झाला, आणि मलप्पानं तो त्याच संध्याकाळी बुजवला. बुधवारी मळणीयंत्र आत गेलं, रात्र पडायच्या आत सोयाबीन पोत्यात भरून घरी आलं, आणि आज पहाटेपासून इथं असा पाऊस लागलाय की मी कोर्टात न जाता हे पत्र लिहून राहिलोय. कस्तुराबाई सकाळी भिजत येऊन गेली. पायलीभर सोयाबीन ठेवलं आणि म्हणाली, पुढच्या टायमाला आधी रान बघा, मंग बोला. मी मान डोलवून हाव म्हणालो.

तेव्हा दाजी, रविकिरणला माझे अनेक आशीर्वाद सांगा आणि असंही सांगा की त्याच्या तिन्ही सोयी अत्यंत उपयुक्त आहेत. पहिलीमुळं एका माळकऱ्याची अब्रू गेली, दुसरीमुळं मी स्वतःविरुद्ध उत्तम युक्तिवाद केला, आणि तिसरीमुळं चिडून एक बाई खरं बोलली. अक्काला नमस्कार. गौरम्मा तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी पाठवून राहिलीय, बिनसाखरेची आहे.

आपला,
उमाशंकर

ता. क. इथल्या एका पेपरात आज बातमी आली आहे: 'उदगीरच्या वकिलाचा न्यायालयात थेट यंत्राद्वारे युक्तिवाद, शेतकरी महिलेला तीन दिवसांत न्याय'. फोटो माझा आहे, बैलांचा नाही. मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, म्हणून नाकारायचा प्रश्न आला नाही.

ता. क. दुसरा. ती बातमी वाचून लातूरच्या वकील मंडळींनी पुढच्या रविवारी माझं व्याख्यान ठेवलं आहे: 'निकाल शोधण्याच्या नव्या सोयी आणि आजचा वकील'. शाल, श्रीफळ, जाण्यायेण्याला गाडी. अध्यक्ष वीरण्णा. मी होकार कळवला आहे. गौरम्मानं नवा कोट शिवायला टाकला आहे. तरी रविकिरणला शनिवारीच इकडं पाठवावं, व्याख्यान लिहून घेऊन पाठवावं, आणि त्या बाईचा आवाज बंद कुठून होतो तेही विचारून ठेवावं.

ता. क. तिसरा. तो नाराज होऊन यायचा नाही म्हणाला, तर त्याला सांगावं की वरील पत्रातला पहिल्या ओळीपासूनचा सर्व मजकूर मी विनाअट मागे घेतला आहे. चटणीचा भाग तेवढा कायम.